पाठींचे नकाशे

मी बाईंचा शिक्षक होतो, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा उजळतो आणि तो विचारतो, म्हणजे त्यांना ते सगळं तुम्हीच शिकवलंत? हो म्हटलं तर खोटं होतं. नाही म्हटलं तर वर्षभर मी तिथे काय करत होतो, ते सांगावं लागतं.

मी जळत होतो. याला जरा बरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

बुधवार पेठेत चार्जर आणि केबलींच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्यावर आमचा फोटो एडिटिंगचा क्लास आहे. आठ कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि मी. येणारी मुलं बहुतेक विशीतली. कुणाला लग्नाचे फोटो करायचे असतात, कुणाला आयटी कंपनीत डिझाइनचं काम हवं असतं. अशात एका सोमवारी साठीच्या एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, पायात कापडी बूट, खांद्याला जुन्या छत्रीच्या कापडाची शिवलेली पिशवी. बॅच अकराची होती आणि अकराला पाच मिनिटं कमी होती. मी म्हटलं, आत या. त्या म्हणाल्या, "अकरा वाजू द्या." आणि पाच मिनिटं जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. पुढे वर्षभर रोज हेच.

मी त्यांना मॅडम म्हणून पाहिलं. त्यावर त्यांनी सांगितलं की त्यांच्या ऑफिसात मॅडम फक्त साहेबांच्या बायकोला म्हणायचे, तेव्हा मला नुसतं बाई म्हणा. त्या मला सर म्हणत. त्यांच्या तोंडून तो शब्द आला की चिमटीत धरून जरा लांब ठेवल्यासारखा वाटायचा.

बाई पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात ट्रेसर होत्या. इंजिनियरच्या मूळ नकाशावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं जशीच्या तशी वर उतरवायची, हे त्यांचं काम. कालवे, बांध, आणि जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या त्या वळणदार रेघा, ज्यांना त्या कंटूर म्हणायच्या. बरीच वर्षं हे केल्यावर ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि ट्रेसरांची तिरकी टेबलं उचलून गच्चीवर टाकली गेली. उरलेली नोकरी बाईंनी आवक-जावकला पाकिटांवर शिक्के मारत काढली. क्लासला का आलात, हे मी पहिल्या दिवशी सगळ्यांनाच विचारतो. मुलं करिअर वगैरे म्हणतात. बाई म्हणाल्या, "ज्यानं माझी खुर्ची घेतली त्याचं तोंड एकदा जवळून बघायचंय."

मी मूळचा वाशीमकडचा. पुण्यात येऊन बारा वर्षं झाली तरी बोलण्यात गाव डोकावतं. एकदा फोटोचा काही भाग झाकायला शिकवताना मी वर्गात म्हणालो, आपण आता मास्क लावून राहिलो. बाईंनी शांतपणे विचारलं, "लावतोय, की लावायचं राहिलंय?" सगळी मुलं हसली. मीही हसलो. घरी जाऊन आरशासमोर 'लावतोय, लावतोय' असं दोनदा म्हणून पाहिलं, हे मात्र तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पहिली ती डाव्या हाताची. बाई उजव्या हाताच्या. लिहायच्या उजव्यानं, पेला धरायच्या उजव्यानं. पण माउस त्यांनी पहिल्याच दिवशी उचलून डावीकडे ठेवला. मला वाटलं चुकून ठेवला, म्हणून मी परत उजवीकडे सरकवला. त्यांनी पुन्हा डावीकडे नेला. उजव्या हाताला दुसऱ्याची रेघ ओढायची सवय लागली आहे, त्याच्यावर माझा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. डाव्या हातानं रेघ अशी थरथरायची की बघवत नसे. एक साधा गोल काढायला त्यांना पहिल्या महिन्यात दहा मिनिटं लागत. शेजारी बसणारी मुलगी त्यांना गोलाचं तयार बटण दाखवायला गेली. "मला माहितीय ते कुठे आहे," बाई म्हणाल्या. "तिथेच राहू दे."

दुसरी तऱ्हा टॉवेलची. पिशवीतून एक छोटा निळा टॉवेल निघायचा आणि मॉनिटरवर पसरला जायचा. पहिली दहा मिनिटं बाई त्या झाकलेल्या पडद्यासमोर हात मांडीवर घेऊन बसायच्या. उघडा पडदा दिसला की डोकं त्याच्यामागे धावतं, आधी मला काय बघायचंय ते ठरू द्या, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी तोवर बाकीच्यांना तिसऱ्या पायरीपर्यंत नेलेलं असायचं.

आणि तिसरी, ज्यावरून आमची खरी खटकाखटकी झाली. कीबोर्डवरच्या झेड या अक्षरावर त्यांनी जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावून टाकली होती. त्या बटणानं केलेलं मागे घेता येतं, आणि आमच्या धंद्यात श्वासाच्या खालोखाल त्याचाच वापर. दुपारच्या बॅचचा एक जण तक्रार घेऊन आला की पट्टी निघत नाही. मी बाईंना बोललो. त्यांनी सांगितलं की ट्रेसिंगवर रेघ चुकली तर ब्लेडनं हलकेच खरवडायची असते, पण उजेडात धरलं की खरवडलेली जागा दिसते. "तुमच्या इथे काहीच उरत नाही. मग चूक करून मिळवलं काय?" पट्टी त्यांनी काढली, पण ते बटण त्यांनी कधी दाबल्याचं मी पाहिलं नाही.

आता माझ्याबद्दल. मी हे सगळं व्हिडिओ बघून शिकलो. हॉस्टेलच्या खोलीत कॉटवर बसून, थांबवत, मागे घेत, पुन्हा चालवत. शेकड्यांनी केले. आभाळ बदलणं, चेहऱ्यात जंगल घालणं, अक्षरांना आग लावणं, म्हाताऱ्याला तरुण करणं. ज्याचा व्हिडिओ असेल त्याच्यापेक्षा माझं काम स्वच्छ व्हायचं. मग मी शिकवू लागलो, स्वतःचा चॅनल काढला, आणि रस्त्यात कधीमधी एखादा पोरगा थांबून ओळख दाखवू लागला. नोकरी लागण्याआधी एकदा एका पोस्टर स्पर्धेत भाग घेतला होता. परीक्षकानं माझ्या कागदामागे पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले होते: सफाई उत्तम. तो कागद मी फाडून टाकला. ते दोन शब्द काही गेले नाहीत.

चेहऱ्यात जंगल घालायचा धडा माझा आवडता. एका बाजूनं दिसणारा चेहरा, त्याच्या आत झाडं, कडेला धुकं. हमखास टाळ्या. तो शिकवत असताना बाईंनी विचारलं, हे पहिल्यांदा कुणी केलं? मला माहीत नव्हतं. सगळेच करतात, असं काहीतरी मी म्हणालो.

"आमच्या ऑफिसात निदान मूळ नकाशावर सही असायची," बाई म्हणाल्या. "कुणाची नक्कल करतोय ते ठाऊक असायचं."

मला उत्तर सुचलं ते बसमध्ये, स्वारगेट ओलांडल्यावर. ते इतकं साधारण होतं की सुचलं नसतं तर बरं.

बाईंनी माझे धडे पुरे केले नाहीत. अर्ध्यावर सोडून त्या त्याच हत्यारांनी भलतंच काही करत बसायच्या. आभाळ बदलायच्या धड्यात त्यांनी आभाळ काढलं आणि ती जागा तशीच पांढरी ठेवली. चार महिने असं चाललं. मला त्यांची कीव येई, आणि त्या काळात मी त्यांच्याशी फार चांगला वागत असे.

मग एका गुरुवारी त्यांनी टॉवेल काढला आणि खाली एक पाठ होती.

माणसाची उघडी पाठ, पडदाभर. काळीसावळी, घामानं भिजलेली, खांद्याशी गोणपाटाचे धागे चिकटलेले. त्या पाठीवर बाईंनी डाव्या हाताच्या थरथरत्या रेघेनं कंटूर काढले होते. एका खांद्याखाली रेघा दाटीवाटीनं जमल्या होत्या, कण्याच्या खोलगट भागात सैल होत गेल्या होत्या, कमरेपाशी पुन्हा आवळल्या होत्या. पाठ पाहतोय की डोंगर, ते क्षणभर कळेना. मग कळलं की दोन्ही आहे, आणि मग तिच्यावरून नजर निघेना. रेघा कातडीवर काढल्यासारख्या वाटत नव्हत्या, आतून वर आल्यासारख्या वाटत होत्या.

मुलं खुर्च्या ओढून जमली. शेजारच्या मुलीनं विचारलं, बाई, हे कसं केलंत?

"सरांनी शिकवलं तसंच," बाई म्हणाल्या.

त्यांनी टोमणा मारला की खरंच तसं वाटून म्हणाल्या, हे मला आजही माहीत नाही. मी 'छान' म्हणालो आणि पंख्याचं बटण कमीजास्त करायला भिंतीकडे गेलो. तो फोटो कुठून आला असेल, तो मास्क कसा लावला असेल, हे सगळं मला एका नजरेत कळलं होतं. त्या चित्रात एकही गोष्ट अशी नव्हती जी मला त्यांच्यापेक्षा चांगली करता आली नसती. फक्त ती मला सुचली नव्हती. बारा वर्षांत एकदाही असं काही सुचलं नव्हतं.

ती पाठ मार्केट यार्डातल्या एका हमालाची होती. बाई पर्वतीच्या पायथ्याशी राहायच्या. पहाटफेरी संपवून त्या मार्केट यार्डात भाजी घ्यायला जात आणि गाड्या उतरवणाऱ्यांकडे बघत उभ्या राहत. तिथल्या एका टोळीच्या मुकादमाशी त्यांची ओळख झाली होती. मुकादम म्हणजे टोळीतला जाणता, पन्नाशीचा हमाल. त्यानं आधी स्वतःची पाठ दिली, मग बाकीच्यांना तयार केलं. दर आठवड्याला एक नवी पाठ क्लासात येऊ लागली. मुलं माझ्या धड्याकडे कानाडोळा करून गुरुवारची वाट बघू लागली.

मी काय केलं ते आता सांगतो.

एका सकाळी मी कॅमेरा घेऊन मार्केट यार्डात गेलो. कांद्याच्या गाळ्यांपाशी मुकादम सापडला. त्यानं विचारलं, बाईंनी पाठवलं का? मी हो म्हणालो. मग त्यानं मला कपातला अर्धा चहा बशीत ओतून दिला, दोघांना शर्ट काढून उभं केलं, आणि स्वतःही पाठमोरा झाला. मी पटापट फोटो घेतले. उजेड सुंदर होता. निघताना तो म्हणाला, "सर, तुमी इचारलं न्हाई."

मी म्हटलं, काय विचारायचं?

"बाई आदी इचारत्यात. मंग फोटू काडत्यात." तेवढ्यात ट्रक लागला आणि तो गोणीखाली वाकला. मी परवानगीबद्दल म्हणत असेल असं समजून निघालो.

त्या आठवड्यात माझ्या चॅनलवर व्हिडिओ आला. माणसाच्या पाठीवर कंटूर नकाशा, फक्त सात पायऱ्यांत. बाईंची थरथरती रेघ मी तयार साधनानं गुळगुळीत करून घेतली. अंतरं सारखी केली. सावल्या नीट बसवल्या. माझ्या कुठल्याही व्हिडिओला मिळाली नव्हती इतकी माणसं त्याला मिळाली. खाली प्रतिक्रियांची रांग लागली. त्यात एकानं लिहिलं होतं, सर, किती ओरिजिनल आयडिया. मी त्याखाली 'धन्यवाद' लिहिलं. लिहिताना बोट अडखळलं असं सांगायला मला आवडलं असतं. ते अडखळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई अकराला पाच कमी असताना आल्या, जिन्याच्या तोंडाशी थांबल्या, अकराला आत आल्या, टॉवेल पसरला. दहा मिनिटं झाल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"सर, व्हिडिओ पाहिला. स्वच्छ झालाय. माझ्या तीन चुका तुम्ही दुरुस्त केल्यात."

मुलांनी तो आधीच पाहिला होता.

"एक शंका आहे. पहिली रेघ कुठे काढायची, ते कसं ठरवलंत?"

मी म्हटलं, कुठूनही सुरुवात केली तरी चालते, शेवटी सारखंच दिसतं.

"असं होय," बाई म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. त्या चिडल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. मी मनात भांडणाची सगळी तयारी करून आलो होतो. कल्पना कुणाच्या मालकीची नसते, माझ्याच क्लासात शिकलात, वगैरे. ते सगळं तसंच घेऊन मी संध्याकाळी घरी गेलो.

त्यानंतर दोन महिन्यांनी बाईंनी प्रदर्शन मांडलं. मुलांनी त्यांना चांगली दालनं सुचवली होती. बाईंनी मार्केट यार्डात हमाल जेवायला बसतात ती पत्र्याची शेड निवडली, तीही बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी. सुतळी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून बावीस पाठी टांगल्या. मी जाणार नव्हतो. पण सकाळी दाढी करताना लक्षात आलं की मी बाहेरचा शर्ट घालून दाढी करतोय.

शेडमध्ये हमालांची कुटुंबं होती, आमच्या क्लासची मुलं होती, आणि कुठून तरी ऐकून आलेली कॉलेजची काही मंडळी. त्यातल्या एकानं पहिलंच चित्र पाहून मित्राला म्हटलं, अरे, हा तर तो इफेक्ट, चॅनलवरचा. मग त्यांना मी दिसलो. सर, तुम्ही इथे! सेल्फी हवा होता. बाईंच्या चित्रासमोर उभं करून त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. बाई चार हातांवर होत्या, सुतळीचं ढिलं पडलेलं टोक पुन्हा बांधत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. मी हसत उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, त्या दोन मिनिटांत मला बरं वाटलं.

मग मुकादम आला. अंघोळ करून, पांढरा सदरा, शेजारी बायको. तो रांगेनं एकेक चित्र बघत त्याच्या पाठीपाशी आला आणि थांबला. बराच वेळ उभा राहिला. आपली पाठ माणसाला कधी दिसत नाही, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं हात मागे नेऊन स्वतःचा डावा खांदा चाचपला आणि दुसऱ्या हाताचं बोट चित्रातल्या त्याच जागी, रेघांच्या दाटीवर ठेवलं.

"हितं," तो बायकोला म्हणाला. "हितंच असतंय ते."

मी जवळच होतो. काय असतं, असं मी विचारलं.

त्यानं मला सांगितलं. अगदी शिकवल्यासारखं सांगितलं, कारण त्याला वाटत होतं की हे मला माहीत असणार आणि मी त्याची परीक्षा घेतोय. बाई आधी विचारायच्या, कुठे दुखतं. जिथे सगळ्यात जास्त दुखतं ते शिखर. तिथे पहिली रेघ. जिथे कळ उभी लागते तिथे रेघा जवळ जवळ, जिथे नुसतं ठणकतं तिथे लांब. दुखणं संपतं तिथे रेघ संपते. त्याच्या पाठीवर दोन शिखरं होती. शेजारच्या तरण्या हमालाच्या पाठीवर एकच, लहानसं, कमरेशी. त्याच्याकडे बोट करून मुकादम म्हणाला, "ह्येचा डोंगुर अजून वाडायचाय."

बायकोनं पदर बोटाला गुंडाळून चित्राच्या कागदावरची धूळ पुसली, जिथे शिखर होतं तिथे.

मी बावीसच्या बावीस पाठी पहिल्यापासून पुन्हा बघितल्या. आता त्या वाचता येत होत्या. माझ्या व्हिडिओतल्या पाठीही मला आठवल्या, त्यातली एक याच मुकादमाची. सारख्या अंतराच्या, सुबक रेघा, कुठेही न दुखणाऱ्या.

दुपारी शेड रिकामी झाली. मी बाईंजवळ जाऊन 'बाई, तो व्हिडिओ' एवढं म्हणालो. त्यांनी माझ्या हातात चिमट्यांची पिशवी दिली आणि त्या टोकापासून सोडवत या म्हणाल्या. आम्ही दोघांनी चित्रं उतरवली. उतरवता उतरवता मी सगळं सांगितलं. मार्केट यार्डात त्यांचं नाव सांगून गेलो तेही, आणि 'धन्यवाद' तेही. तो व्हिडिओ काढून टाकतो म्हणालो, किंवा त्यावर तुमचं नाव घालतो.

"काढा किंवा ठेवा. नाव घालू नका." चित्रं त्यांनी गुंडाळी करून काखेत धरली होती. "तुमच्या त्या रेघांखाली माझी सही नको."

मग आम्ही गेटपर्यंत चालत आलो. आता आणखी किती पाठी करणार, असं मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, पाठी झाल्या. मला वाटलं माझ्यामुळे. तसं विचारलंही. त्या माझ्याकडे जरा नवलानं बघत म्हणाल्या, तुमच्यामुळे कशाला, संपल्या म्हणून झाल्या, आता दुसरं काही सुचेल.

रिक्षा आली, त्या गेल्या. आणि मी गेटाशी उभा राहून पुन्हा जळलो, त्या गुरुवारपेक्षा जास्त. मी त्यांचं सर्वस्व उचललं असं समजून दोन महिने अपराधी वाटून घेत होतो, आणि त्या त्यातून सहज बाहेर पडून पुढे निघाल्या होत्या. मला हेवा पाठींचा नव्हताच. 'दुसरं काही सुचेल' हे त्या ज्या सहजपणे म्हणाल्या, त्याचा होता.

व्हिडिओ मी काढला. लोकांनी कारण विचारलं. कल्पना माझी नव्हती, एवढं लिहिलं. काहींनी शिव्या घातल्या, बरेच जण विसरले.

पुढच्या गोष्टीला अर्धं वर्ष लागलं आणि तिचा क्लासशी संबंध नाही. माझी आई गावी असते. तिला मी फोन घेऊन दिला तेव्हापासून ती मला फोटो पाठवते. अंगण, शेजारणीची गाय, केलेली भाजी, कपाशीचा वाफा. प्रत्येक फोटोत तिचा अंगठा येतो. भिंगावर अर्धामुर्धा टेकलेला, उन्हात लालसर दिसणारा. मी सवयीनं तो कापून, मागची जागा भरून, स्वच्छ फोटो तिला परत पाठवत असे. तिला कौतुक वाटे. एका रविवारी तिचा फोटो आला, त्यात अंगठाच इतका होता की मागे काय आहे ते दिसेना. मी फोन करून विचारलं, आई, हे कशाचं काढलं? ती म्हणाली, "तुझ्या बाबाच्या खुर्चीचं काढून राहिली होती. दिसत नाही का?"

बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मी तो अंगठा कापला नाही. सगळे जुने मूळ फोटो बाहेर काढले आणि उलटं काम केलं. अंगण काढलं, गाय काढली, कपाशी काढली. अंगठे तेवढे ठेवले, एकावर एक, पातळ करत. कुठलीही पायरी कुणाची नव्हती. चुकत होतं आणि कसं चुकतंय हे सांगणारा व्हिडिओ नव्हता. सहा रविवार लागले. शेवटी पडदाभर एक लाल, ऊबदार उजेड उरला, अंगठ्याच्या रेषा अंधुक फिरत गेलेल्या, आणि अगदी कडेला, एका कोपऱ्यात, खुर्चीच्या हाताचा नखाएवढा तुकडा.

बाई तेव्हा पुणं सोडायच्या बेतात होत्या. सांगलीला बहिणीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या, अजूनही तिथेच असतात. खोल्यांमध्ये खोकी बांधून ठेवलेली. मी चित्र छापून नेलं होतं. खोक्यावर कागद पसरला आणि काय आहे ते सांगितलं नाही.

बाईंनी चष्मा लावला. खाली वाकल्या. त्यांना एवढा वेळ एखाद्या गोष्टीकडे बघताना मी फक्त टॉवेलसमोर पाहिलं होतं. त्यांचा डावा हात कागदाच्या कडेपर्यंत आला आणि मागे गेला. मग त्या ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "हा कोपरा जरा जास्त गडद झालाय."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. तो गडद नव्हता. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली होती आणि खिडकीच्या कडीशी काहीतरी करत होत्या, जी नीट लागलेलीच होती. तो चेहरा मला पुरता ओळखीचा होता. त्या चेहऱ्यानं मी वर्षभर वावरलो होतो.

"हो," मी म्हणालो. "बघतो तो कोपरा."

"चहा घेऊन जा," असं म्हणून बाई आत गेल्या. बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही. मी खोक्यावर बसून राहिलो. मला कसलीच घाई नव्हती.